गावचे क्रीडांगण : हरळीची जोपासना आणि मैदान भाड्याने देण्याची रीत

हरळीचे नाव काढताच शेतकऱ्याच्या कपाळाला आठ्या पडतात. कपाशीच्या वावरात एकदा ती शिरली म्हणजे निंदणीचा खर्च वाढतो, आणि वैशाखाच्या उन्हात खोल नांगरट करून मुळ्या वेचून काढल्या, तरी मृगाच्या पहिल्या सरीबरोबर ती पुन्हा डोके वर काढते. परंतु ज्या चिवटपणामुळे ती शेतात शत्रू ठरते, तोच गुण क्रीडांगणावर अत्यंत उपयोगी पडतो. तुडवली, कापली, उन्हाने करपली, तरी हरळी मुळाशी जिवंत राहते. आपल्या हवामानात, फार पाणी न देता, खेळाच्या मैदानावर टिकून राहणारे हिच्याइतके भरवशाचे दुसरे गवत नाही.

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे आणि आसपासची गावे डोळ्यांसमोर ठेवून प्रस्तुत लेख लिहिला आहे. अशा गावांत शाळेचे वा ग्रामपंचायतीचे मोकळे मैदान हे एकाच वेळी अनेकांचे असते. शाळेची मुले तेथे खेळतात. पोलीस भरतीची तयारी करणारे तरुण-तरुणी पहाटे तेथे धावतात. दिवाळीनंतर टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे सामने भरतात. लग्नसराईत मांडव पडतात आणि अधूनमधून जाहीर सभा होतात. यांपैकी काही वापराबद्दल भाडे मिळते व ते ग्रामनिधीला हवेही असते. मात्र भाड्याची रक्कम ठरवताना मैदानाचे काय नुकसान होते याचा हिशेब सहसा कोणी करत नाही. परिणामी दोन-तीन वर्षांत गवत नाहीसे होते, पावसाळ्यात चिखल व उन्हाळ्यात धूळ उरते, आणि पहाटे धावणारी मुले वाहनांच्या रहदारीच्या रस्त्यावर जातात.

क्रीडांगण हे एक पीक आहे, आणि ते भाड्याने देणे म्हणजे उभ्या पिकातून वाट देणे होय, हे ध्यानात घेतले तर बाकीचे नियम सहज समजतील.

हा प्रश्न जुना आहे

मैदानावर कोणाचा हक्क आणि झालेले नुकसान कोणी भरून द्यावयाचे, हा वाद आपल्या राज्यात दीडशे वर्षांपूर्वीपासून चालत आला आहे. मुंबईच्या किल्ल्याबाहेरील मैदानावर पारशी व हिंदू तरुण क्रिकेट खेळत. त्याच मैदानावर युरोपियन मंडळी पोलो खेळत आणि घोड्यांच्या टापांनी गवत उखडून जाई. 1880 नंतरच्या दशकात या खेळाडूंनी सरकारकडे वारंवार अर्ज केले. शापूरजी सोराबजी यांनी 1897 साली पुस्तक लिहून या झगड्याची हकीकत नोंदवून ठेवली आहे. थोड्या लोकांचा थोड्या वेळाचा खेळ पुष्कळांचे मैदान आठवडाभर निकामी करतो, ही त्यांची तक्रार आजही जशीच्या तशी लागू पडते.

शहरांपुरती या बाबतीत कायद्याने काही मर्यादा घातली आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 याच्या कलम 37-अ अन्वये नियोजन प्राधिकरणाला क्रीडांगणाचा अन्य कामासाठी तात्पुरता वापर करू देता येतो. परंतु तो वर्षातील मर्यादित दिवसांपुरताच व शुल्क घेऊन. खेड्यात असे बंधन ग्रामसभेने स्वतःच्या ठरावाने घालून घेणे इष्ट आहे.

पाण्याचा हिशेब आधी

मैदान हिरवे ठेवण्याच्या उत्साहात पुष्कळ ठिकाणी पहिली चूक पाण्याच्या बाबतीत होते. 1 चौरस मीटर जागेवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे 1 लिटर, हे सूत्र लक्षात ठेवावे. ऐन उन्हाळ्यात हरळी हिरवी राखण्यासाठी दररोज साधारण 6 मि.मी. पाणी लागते असे धरल्यास, 26 गुंठे हिरवळीला रोज सुमारे 16,000 लिटर पाणी हवे. ग्रामीण पाणीपुरवठ्यासाठी जल जीवन मिशनने माणशी दररोज 55 लिटरचे प्रमाण धरले आहे. म्हणजे हे 26 गुंठे रोज सुमारे 290 माणसांच्या वाट्याचे पाणी पिऊन जातील. मार्च ते मे या तीन महिन्यांत हा आकडा 14 लाख लिटरच्या वर जातो.

2016 सालच्या दुष्काळात हाच प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला होता. त्या वर्षी 30 एप्रिलनंतरचे आयपीएल क्रिकेटचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश न्यायालयाने दिला. ज्या गावी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे मैदानावर पाणी शिंपडणे कोणालाही रुचणार नाही व ते योग्यही नाही.

सुदैवाने हरळीला त्याची गरज नाही. पाणी तुटले म्हणजे तिची पाने पिवळी पडून वाळतात, पण जमिनीखालील कांडी जिवंत राहतात. वाळलेली हरळी ही मेलेली हरळी नव्हे. ती निजलेली असते. या भागात पडणारा 700 ते 800 मि.मी.च्या आसपासचा पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, तिला पुन्हा उठवण्यास पुरेसा आहे. मात्र निजलेल्या अवस्थेत तिला जखम भरून काढता येत नाही. जुलैमध्ये उखडलेली जागा महिन्याभरात झाकून निघते. फेब्रुवारीत उखडलेली जागा पावसाळ्यापर्यंत तशीच उघडी राहते. मैदान कोणत्या महिन्यात भाड्याने द्यावे, याचा निर्णय या एका गोष्टीवर अवलंबून ठेवावा.

जागेची आखणी

सर्व मैदानावर गवत लावण्याची आवश्यकता नाही. 100 मीटर लांब व 65 मीटर रुंद, म्हणजे सुमारे 64 गुंठे जागा उपलब्ध असल्यास तिचे तीन भाग पाडावेत.

पहिला भाग हिरवळीचा. त्याची आखणी लंबवर्तुळासारखी करावी : दोन्ही सरळ बाजू 40 मीटर आणि दोन्ही टोकांच्या अर्धवर्तुळांची त्रिज्या 19.1 मीटर. याचे क्षेत्र सुमारे 26 गुंठे भरते.

दुसरा भाग या हिरवळीभोवती 3 मीटर रुंदीची मुरमाची धावपट्टी. वरील मापांनी हिची आतील कड साधारण 200 मीटर येते. पोलीस भरतीत मुलांना 1,600 मीटर व मुलींना 800 मीटर धावावे लागते. म्हणजे अनुक्रमे आठ व चार फेऱ्या झाल्या. मुलांना वेळ लावून सराव करण्यास हे सोयीचे पडते आणि गवतही तुडवले जात नाही.

तिसरा भाग म्हणजे एका बाजूस उरणारी सुमारे 20 मीटर रुंदीची, मुरूम टाकून दाबलेली पट्टी. खो-खोचे 27 मीटर × 16 मीटरचे व कबड्डीचे 13 मीटर × 10 मीटरचे मैदान या पट्टीत बसते. हे दोन्ही खेळ आपल्याकडे परंपरेने मातीवरच खेळले जातात. 1936 साली बर्लिन येथील ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने ज्या भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, त्यांत कबड्डी होती. या खेळांना गवताची गरज नाही. मांडव, सभा, प्रदर्शन यांसाठी भाड्याने द्यावयाची जागा हीच. आखणी अशी केली, तर भाड्याच्या उत्पन्नास मुकावे लागत नाही व हिरवळही शाबूत राहते.

झाडे लावावयाची ती हिरवळीपासून 8 ते 10 मीटर दूर लावावीत. हरळीला सावली मुळीच मानवत नाही.

जमिनीची तयारी

काळी माती पाण्याने फुगते व वाळल्यावर आकसून भेगा पडतात. अशा भेगांत धावणाऱ्याचा पाय मुरगळतो. शिवाय ओल्या काळ्या मातीवर पाय किंवा चाके फिरली की ती दाबली जाऊन घट्ट होते व मुळांना हवा मिळत नाही. काळ्या मातीत थोडीशी वाळू मिसळल्याने ती मोकळी होत नाही, हे अनुभवाने सिद्ध आहे. तलावातील गाळ शेतास उत्तम असला तरी मैदानावर टाकू नये. तो चिकण असल्याने चिखल वाढतो.

उन्हाळ्यात एक नांगरट करून कुंदा व लव्हाळ्याच्या गाठी वेचून जाळाव्यात. ढेकळे फोडून जमिनीस मध्यापासून दोन्ही बाजूंना 100 मीटरला 1 मीटर या प्रमाणात उतार द्यावा. 38 मीटर रुंदीच्या हिरवळीत मध्यरेषा कडांपेक्षा सुमारे 19 सें.मी. उंच राहील. कडेने उथळ चर काढून पाणी बाहेर न्यावे. गुंठ्यास 200 किलो चांगले कुजलेले शेणखत व 3 किलो सिंगल सुपर फॉस्फेट मातीत मिसळावे. त्यावर दोन भाग चाळलेला बारीक मुरूम, एक भाग पोयट्याची माती व एक भाग कंपोस्ट यांचे मिश्रण 5 सें.मी. जाडीने पसरावे. 26 गुंठ्यांस हे मिश्रण सुमारे 135 घनमीटर लागते.

शेतात मेंढ्या बसवणे हितकारक असले, तरी मैदानावर ते टाळावे. ताजे शेण किंवा लेंड्या असलेल्या जागी मूल पडून खरचटल्यास धनुर्वाताचा धोका संभवतो. खत पूर्ण कुजलेलेच वापरावे.

लागवड

बेणे विकत आणण्याचे कारण नाही. ज्या शेतकऱ्यांना हरळी नकोशी झाली आहे, त्यांच्या बांधावरून ती मोफत मिळेल. बारीक पानांची, जवळजवळ पेरे असलेली हरळी निवडावी व तीत लव्हाळा अगर कुंदा नाही याची खात्री करून घ्यावी. एका गुंठ्यातील दाट हरळी सुमारे दहा गुंठ्यांना पुरते.

पहिला चांगला पाऊस झाल्यावर, जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत, दोन-तीन डोळ्यांचे तुकडे 15 × 10 सें.मी. अंतरावर टोचून लावावेत व पायाने दाबावेत. तीन-चार आठवड्यांनी गवत 6 ते 7 सें.मी. उंच झाल्यावर पहिली कापणी करावी. त्यानंतर उंची 3 ते 4 सें.मी. राखावी, मात्र एका वेळी पानाच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये. कापलेले गवत जनावरांना उत्तम वैरण आहे. त्यासाठी पाळी लावून दिल्यास कापणीची मजुरीही वाचते.

जुलै व ऑगस्टमध्ये प्रत्येकी एकदा, पाऊस उघडल्यावर पाने कोरडी असताना, गुंठ्यास 1 किलो युरिया फोकून द्यावा. पुढे पाऊस न आल्यास हलके पाणी द्यावे, म्हणजे पाने करपणार नाहीत. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी हातमोजे घालून उपटावे.

शेजारच्या शेतकऱ्याची काळजी रास्त आहे. हरळी शेतात जाऊ नये म्हणून मैदानाच्या कडेने 30 सें.मी. खोल व तितकाच रुंद चर ठेवावा आणि त्यात आलेले फाटे महिन्यातून एकदा कुदळीने काढावेत. ही अट पाळली नाही तर मैदान शेजाऱ्याच्या डोळ्यांत सलत राहील.

भाडे ठरवण्याची रीत

भाडे रुपयांत ठरवण्यापूर्वी ते मजुरीच्या दिवसांत मोजावे. मजुरीचे दर बदलतात. दुरुस्तीचे श्रम बदलत नाहीत. उदाहरणादाखल, हिरवळीच्या 10 गुंठ्यांवर दोन दिवसांचा मांडव पडला असे समजू. कचरा, पत्रावळी व खिळे वेचण्यास दोन मजूर. खांबांचे खड्डे भरण्यास एक. दाबलेली जमीन पहारीने 10 सें.मी. खोल भोके पाडून मोकळी करण्यास पाच. उखडलेल्या जागी पुन्हा हरळी टोचण्यास तीन. असे एकूण अकरा मजुरीचे दिवस झाले. हंगाम नसेल तर ती जागा पावसाळ्यापर्यंत बंद राहील ते नुकसान निराळेच. हाच मांडव मुरमाच्या पट्टीवर पडला, तर वेचणी व खड्डे भरणे मिळून तीन दिवसांत काम आटोपते. भाड्यातही हाच फरक दिसला पाहिजे. हिरवळीचे भाडे पट्टीच्या भाड्याच्या चौपटीहून कमी ठेवू नये. बहुतेक लोक मग आपणहून पट्टीच मागतील.

भाड्याखेरीज अनामत रक्कम घ्यावी व ती दुरुस्तीच्या अंदाजाइतकी असावी. नुकसानीवरून तंटा होऊ नये म्हणून मोजणीची एक सोपी युक्ती सांगतो. 1 मीटर × 1 मीटरची लाकडी चौकट करून तीत सुतळीने 10 सें.मी.च्या जाळीचे 100 घर पाडावेत. मैदान देण्यापूर्वी हिरवळीवर ठरावीक दहा ठिकाणी ही चौकट ठेवून किती घरांत गवत आहे ते मोजावे व सरासरी नोंदवहीत लिहून दोन्ही पक्षांच्या सह्या घ्याव्यात. समारंभानंतर त्याच ठिकाणी पुन्हा मोजावे. जितकी घरे कमी भरतील, त्या प्रमाणात अनामतीतून दुरुस्तीचा खर्च वळता करावा. उन्हाळ्यात हिरवा रंग न पाहता वाळलेल्या गवताचे बूड कायम आहे की नाही ते पाहावे. सरासरी 70 घरांच्या खाली गेल्यास, पुन्हा भरून येईपर्यंत हिरवळ कोणालाही देऊ नये, असा नियम आम्ही सुचवतो.

करारात पुढील अटी स्पष्ट असाव्यात :

1. हिरवळीवर ट्रॅक्टर, मालमोटार वा मोटारसायकल नेऊ नये.
2. चूल पेटवणे, तेलकट पाणी व खरकटे सांडणे यांस मनाई. जळालेल्या व तेलकट जागी वर्षभर गवत येत नाही.
3. सतरंजी, ताडपत्री दिवस-रात्र पसरून ठेवू नये. दोन-तीन दिवसांत खालचे गवत पिवळे पडते.
4. पाऊस पडल्यापासून जमीन वापसा येईपर्यंत मैदान बंद. ही अट भाडे भरलेल्यांनाही लागू.
5. मांडव काढल्यावर लोहचुंबक फिरवून खिळे वेचून द्यावेत. अनवाणी खेळणाऱ्या मुलांसाठी ही अट सर्वांत महत्त्वाची आहे.

क्रिकेटच्या स्पर्धेत एकाच खेळपट्टीवर आठ-दहा दिवस सामने होतात. गोलंदाज व फलंदाज ज्या जागी पाय रोवतात, तेथे खळगे पडतात. म्हणून शेजारी-शेजारी दोन खेळपट्ट्या ठेवून त्या आलटून पालटून वापराव्यात.

भाडे कोणाकडून घेऊ नये

शाळेची मुले, गावातील खेळाडू व भरतीची तयारी करणारे तरुण यांच्याकडून कधीही भाडे घेऊ नये. मैदान मुळात त्यांच्यासाठी आहे. 2009 च्या बालकांच्या शिक्षण हक्काच्या कायद्यानेही शाळेस क्रीडांगण असावे असे घालून दिले आहे. शाळेचे मैदान द्यावयाचे असल्यास शाळा व्यवस्थापन समितीची संमती घ्यावी आणि शाळेच्या वेळात ते मुळीच देऊ नये. मुलींसाठी रोजची ठरावीक वेळ राखून ठेवावी व भाड्याच्या दिवशीही धावपट्टी सकाळी मोकळी राहील असे पाहावे. गरीब कुटुंबाच्या लग्नकार्यास पट्टीच्या भाड्यात सवलत द्यावी. परंतु मैदान स्वच्छ करून देण्याची अट सर्वांना सारखीच असावी.

भाड्याची पावती द्यावी, हिशेब स्वतंत्र ठेवावा आणि तो पैसा मैदानावरच खर्च करावा. वर्षाचा जमाखर्च व चौकटीच्या मोजणीची वही ग्रामसभेपुढे ठेवावी. मैदानाचा पैसा मैदानात जातो असे दिसले म्हणजे लोक नियम पाळतात.

वर्षभराचे वेळापत्रक

जून-जुलै : लागवड, मोकळ्या जागा भरणे, चर साफ करणे. हिरवळ पूर्ण बंद, धावपट्टी चालू. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुलिंब व बाभळीवर जमणारे हुमणीचे भुंगेरे गोळा करून नष्ट करावेत.

ऑगस्ट : कापणी, युरियाचा दुसरा हप्ता, तणांचा बंदोबस्त. नवी लागवड असल्यास हिरवळ बंदच ठेवावी. जुनी असल्यास वापसा पाहून खेळ सुरू करावेत.

सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबर : खेळाचा खरा हंगाम. शालेय सामने व स्पर्धा याच काळात घ्याव्यात. प्रत्येक मोठ्या स्पर्धेनंतर दोन आठवडे विश्रांती.

डिसेंबर ते फेब्रुवारी : थंडीने व ओल कमी झाल्याने वाढ मंदावते. हलका सराव चालू. मोठ्या स्पर्धा टाळाव्यात.

मार्च ते मे : हरळीची निद्रा. हिरवळ भाड्याने देऊ नये व तिला पाणीही देऊ नये. लग्नसराईचे मांडव मुरमाच्या पट्टीवर घालावेत. मेमध्ये खत व मातीचे मिश्रण तयार करून ठेवावे.

शेतकरी बंधुभगिनींना यातील एकही काम नवे नाही. वापसा कधी आला, बेणे कसे निवडावे, उभ्या पिकात गुरे सोडली तर काय होते, हे त्यांना कोणी शिकवावयास नको. तेच ज्ञान गावाच्या दीड एकरावर लावावयाचे आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी ग्रामसभेने एवढा एक ठराव करावा : हिरवळ व भाड्याची पट्टी वेगळी, आणि मार्च ते मे हिरवळ बंद. बाकीची कामे हंगामाप्रमाणे होत जातील आणि पहाटे धावणाऱ्या मुलामुलींना रस्ता सोडून मैदानावर परत येता येईल, असा आम्हांस भरवसा वाटतो.